तळाशी ठेवलेला कोट

कपाटावर धूळ खात पडलेली ही ताडपत्रीची जोडपिशवी म्हणजे मीच, मित्रांनो. माझी शिवण उसवली आहे, एक बक्कल तुटलं आहे आणि खरं सांगू, आता बोलायचाही कंटाळा येतो. पण तुम्ही माझ्याकडे मान वर करून बघितलंत, म्हणून सांगते.

मला एका शिंपीकाकांनी शिवलं. जुन्या ताडपत्रीचे तुकडे जोडून, दुहेरी टीप घालून त्यांनी माझे दोन कप्पे केले, मोटारसायकलच्या मागच्या सीटवरून दोन्हीकडे लोंबतील असे. मग सुरू झाली माझी हमाली. कापडाचे गठ्ठे वाहिले, गिऱ्हाइकांचे कपडे पोचवले, ऊन-पाऊस अंगावर घेतला. "आपली पिशवी म्हणजे दणकट काम!" असं काका चारचौघांत सांगत, आणि तेवढ्यावर मी खूश होत असे. वेडीच होते मी.

काकांची थोरली बहीण, आक्का, दूर डोंगरापलीकडे राहायची. दोघांची भेट होऊन कित्येक वर्षं उलटली होती. काकांनी धंदा सुरू केला तेव्हा ती म्हणाली होती, "तुला सरळ रेघ कापता येत नाही, तू काय कोट शिवणार!" ते काकांच्या जिव्हारी लागलं होतं. तिने अंथरूण धरल्याचा फोन आला, तेव्हा त्यांनी दुकान बंद केलं आणि स्वतःसाठी शिवलेला लोकरी कोट बाहेर काढला. ती आहे तोवर तिला तो अंगात घालून दाखवायचा, एवढाच त्यांचा हट्ट होता.

निघताना कपडे भरण्यावरून बापलेकीची जुंपली. मुलगी बस चालवायची, त्यामुळे रस्ते तिला ठाऊक होते.

"बाबा, इथे उकडतंय म्हणून वर घाटातही उकडेल असं नाही. गरम कपडे वर ठेवा, पटकन हाताला लागले पाहिजेत."

"शिंप्याला घड्या शिकवतेस? कोट सगळ्यात खाली, सपाट. वर जड कपडे. दाबाखाली घडी मोडत नाही."

"मग निदान स्वेटर तरी घ्या."

"कोट आहे की! दोन-दोन ओझी कशाला?"

दुकानातली त्यांची रीतच ती होती. पण दुकानात वारा सुटत नाही की पाऊस पडत नाही, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. कोटावर सदरे, विजारी, टॉवेल आणि चपलांचा जोड येऊन बसला. माझा कप्पा टम्म फुगला, तेव्हा काकांनी गुडघ्याने दाबून बक्कल लावलं.

सपाटीवर ऊन मी म्हणत होतं. काका सुती सदऱ्यावर मजेत गाडी चालवत होते, मुलगी मागे बसली होती. घाट चढू लागलो तसा वारा झोंबायला लागला आणि माथ्याजवळ पावसाने गाठलं. काकांनी रेनकोट चढवला, पण पाणी गळ्यातून आत उतरलंच.

"बाबा, थांबा. कोट काढू या."

"भिजेल, चुरगळेल. आक्कासमोर तो बोळा घालून उभा राहू?"

पुढच्या वळणावर त्यांची बोटं इतकी बधिर झाली की ब्रेक दाबता येईना. गाडी घसरत जाऊन कठड्याला टेकली. लागलं कुणालाच नाही, पण काकांचे दात वाजत होते आणि जीभ जड झाली होती. "तू जा पुढे... मी बसतो इथे जरा," असं काहीतरी ते पुटपुटले.

मुलगी घाबरली. तिने माझं बक्कल ओढून तोडलं आणि भर पावसात मला रस्त्यावर उपडं केलं. सदरे, विजारी, टॉवेल, सगळं चिखलात गेलं आणि शेवटी एकदाचा कोट निघाला. बापाचा ओला सदरा उतरवून तिने कोट कसाबसा त्यांच्या अंगात घातला, वरून रेनकोट चढवला, त्यांना मागे बसवलं आणि गाडी स्वतःच्या हातात घेतली. काका कापत होते आणि रडतही होते. मला फार वाईट वाटलं. सगळी ऊब माझ्याच पोटात होती आणि माणूस माझ्याशेजारी गारठत होता.

आक्काच्या दारात पोचलो तेव्हा कोटाची पार रया गेली होती. काका उंबऱ्यातच थबकले.

"आक्का, कोट असा नव्हता गं. मी नीट..."

आक्का उशांना टेकून बसली होती. तिने कोटाकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"आधी इकडे ये. हात बघू," ती म्हणाली आणि त्यांचे दोन्ही हात तिने आपल्या पांघरुणात ओढून घेतले. "गारठलास की रे!"

दुसऱ्या दिवशी मुलीने कोट धुऊन दोरीवर टाकला. तो वाळला तरी आत आणायला बहीण-भावातलं कुणी उठलं नाही. बोलायचंच एवढं साठलं होतं.

त्या गडबडीत मला मात्र कुणी वाळवलं नाही. ओल धरली, बुरशी लागली, आणि पुढे गाडीला पत्र्याची पेटी बसली. माझा राग नाही, मित्रांनो. थकवा आहे.

एवढंच करा. प्रवासाहून आलात की आम्हा पिशव्यांना ऊन दाखवा. आणि निघताना, तिकडे पोचल्यावर मिरवायचं ते खाली ठेवा, वाटेत जीव राखणारं वर. चांगलं दिसावंसं वाटतं, ते मला कळतं. पण तिकडे जे माणूस तुमची वाट बघत असतं, त्याला तुम्ही धडधाकट पोचलेले हवे असता.