दुसऱ्याच्या हातचा श्वास

चौऱ्याहत्तर सालच्या भादव्यात गंगूच्या पोटात कळ उठली, तेव्हा ती बबनरावांच्या कपाशीत होती. फवारणीचे दिवस होते. नवरा देवमन पाठीवर पंप घेऊन फवारा मारायचा, आणि गंगू बांधावर पिंपात औषध कालवायची. काडी सापडली तर काडीनं, नाही तर कोपरापर्यंत हात घालून. डोकं जड व्हायचं, तोंडाला पाणी सुटायचं. पण ते उन्हानं होतं, असं सगळ्याच बाया म्हणत.

कळ उजव्या कुशीत उतरली, ताप चढला. देवमननं तिला इंझोरीहून बैलगाडीत घातलं, मग एस.टी.त, आणि मंगरूळपीरच्या दवाखान्यात आणलं. अपेंडिक्स निघालं, लगेच ऑपरेशन ठरलं. भूल द्यायला धरमसिंग डॉक्टर होते, तांड्यात वाढलेला, मऊ बोलणारा माणूस.

"बाई, झोप येईल. अंग सैल पडेल. थोडाच वेळ. घाबरू नको."

गंगू झोपली. जाग आली तेव्हा पापणी उचलेना. हात हलवावा म्हटलं, तर हात कुठे आहेत तेच कळेना. बोंब मारावी, तर घशात कसलीशी नळी. तिला वाटलं, मेलो आपण. पण छातीत वारा येत होता. ती घेत नव्हती. कोणीतरी भरत होतं, मग सोडून देत होतं. भरत होतं, सोडत होतं.

"अजून श्वास नाही?" कोणीतरी विचारलं.

"नाही. केव्हाच यायला हवा होता." हा धरमसिंग डॉक्टरांचा आवाज. "थोडं झोपेचं औषध देतो तिला. आणि नवऱ्याला आत बोलवा."

झोप पुन्हा आली, पण पातळ, ताकासारखी. त्या झोपेत गंगू फुटलेल्या कपाशीवर पालथी तरंगत होती. खाली पांढरंच पांढरं. वारा आला की ती वर उचलली जाई, वारा ओसरला की बोंडांना पोट टेके. दूर कुठेतरी माणसं बोलत होती.

"शेतात काय काम करता?"

"फवारा मारतो जी. ही औषध कालवते. हातानं."

डॉक्टर म्हणाले, "नळी घालण्याआधी अंग सैल करायचं औषध देतो आम्ही. रक्तात एक पदार्थ असतो, तो त्या औषधाला पाच-सात मिनिटांत जाळून टाकतो. तुमच्या फवाऱ्याच्या विषानं तो पदार्थच खाल्लाय. आता औषध उतरेल, पण सावकाश. तोवर हिचा श्वास आपण द्यायचा."

"जगंल नं जी?"

"श्वास थांबू दिला नाही तर जगेल."

तेवढ्यात बाहेर एक अडलेली बाळंतीण आली. नर्स तिकडे धावली. श्वासाचा फुगा दाबून दाबून डॉक्टरांच्या हाताला पेटका येत होता. त्यांनी देवमनला हात धुवायला लावले, तो रबरी फुगा त्याच्या हाती दिला आणि स्वतः गंगूची नाडी धरून बाजूला बसले. "दाबायचं, सोडायचं. छाती वर येते का पाहायची. आणि बोलत राहा. ऐकू येत असेल तिला."

देवमन घुम्या माणूस. घरातही नेमकं बोले. पहिल्यांदा तो शेळीचं बोलला, मग गळक्या कौलांचं. मग बोलणं संपलं आणि नुसता वारा येत राहिला.

गंगूला कपाशीपलीकडे धाकटी बहीण विमल दिसली, गोरी, नव्या लुगड्यातली. देवमन विमललाच पाहायला आला होता. मग काय झालं कोण जाणे, मागणी गंगूला आली. थोरली, काळी म्हणून मागे राहिलेली गंगू. विमलसाठी घरच्यांनी नाही म्हटलं असेल, म्हणून आपल्यावर भागवलं, असंच ती इतकी वर्षं धरून बसली होती. विचारलं कधीच नव्हतं.

"गंगे," देवमनचा आवाज आला. "तुले सांगतलं नाई कदी. जऊळक्याच्या टेसनावर तू माठ घेऊन बसली होती. एका म्हातारीले पानी पाजून राह्यली होती. मले अकोल्याले जायाचं होतं. गाडी आली, अन् गेली. मी चढलोच नाई. मंग सोयरिक जुळवनाऱ्या गोजराबाईनं विमलचं स्थळ आनलं, पाहाले आलो त घरात तू दिसली. मीच बाबाले म्हनलं, थोरली पाह्यजे."

वारा वर आला. गंगू वर उचलली गेली, आणि या वेळी पुष्कळ वर.

दिवे लागायच्या सुमाराला तिचं बोट हललं. मग पापणी थरथरली. मग देवमननं फुगा दाबायच्या आतच छाती आपली आपण वर आली. त्याला ते कळेना. तो दाबतच राहिला. डॉक्टरांनी त्याचा हात धरला. "सोडा आता. तिचा तिनं घेतला."

टाके निघाल्यावर डॉक्टर म्हणाले, "पुन्हा कधी ऑपरेशन झालं तर आधी सांगायचं, फवाऱ्याचं विष बाधलं होतं म्हणून. आणि त्या औषधाला हात लावायचा नाही."

"मीबी नाई लावत," देवमन म्हणाला. फवारणीला परत या, असा बबनरावांनी निरोप धाडला होता, त्यांनाही त्यानं तेच कळवलं. पुढं काय करायचं, ते गावी गेल्यावर पाहू, एवढंच त्याच्या मनात होतं.

परतीच्या एस.टी.त गंगू खिडकीशी बसली. घसा अजून बसलेला होता.

"अवो," ती म्हणाली, "गाडी सोडून देल्ली, मंग अकोल्याचं काम?"

देवमन चपापला. तिच्याकडे पाहून त्यानं मान खाली घातली, कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला.

"काय काम होतं, आता ध्यानात नाई," तो म्हणाला.

गंगू हसली, तशी टाक्यांची जागा दुखली. तिनं पोटावर हात धरला आणि तरीही हसत राहिली.