मटार सोलतानाचा फोटो

मुलांनो, हातातली पेन्सिल जरा खाली ठेवा आणि एक स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. फार मोठं नको. एका बाजूला ओटा, खिडकीपाशी टेबल, टेबलावर लॅपटॉप आणि त्याच्यासमोर कानाला हेडफोन लावून बसलेली एक आई. तिच्या मांडीवर ताट आहे आणि ताटात मटाराच्या शेंगा. ती फोनवर बोलते आहे आणि बोलता बोलता शेंगा सोलते आहे. दिसली? आता तिच्या खुर्चीशेजारी जमिनीवर वह्या पसरून बसलेली एक मुलगीही दिसू द्या. ही मुलगी एका जागी टिकेल तर शपथ, म्हणून घरात सगळे तिला भिंगरी म्हणत. आतल्या खोलीत आजोबा, म्हणजे आईचे वडील. त्यांचा तोल जायचा, त्यामुळे त्यांना एकट्याने उठू द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते पलंगावरूनच विचारायचे, "आज कोण तापलंय गं?"

कोणी ना कोणी तापलेलं असायचंच. आई एका फुटबॉल क्लबची नोकरी करायची. मैदान होतं दूरच्या शहरात, पण क्लबला फोन करणाऱ्यांशी बोलायचं काम ती घरूनच करत होती. कोणाला तिकीट मिळालेलं नसे, कोणाची खुर्ची खांबाआड आलेली असे. त्या वर्षी मात्र लोक एकाच कारणासाठी फोन करत. संघ हरत होता. नुसता हरत नव्हता, घरच्या मैदानावर सपाटून मार खात होता.

आईची एक पद्धत होती. रागावलेल्या माणसाला मध्येच तोडायचं नाही, त्याला पूर्ण रिकामं होऊ द्यायचं. आणि तो रिकामा होईपर्यंत आपले हात कशात तरी गुंतवून ठेवायचे. शेंगा सोलायच्या, कपड्यांच्या घड्या घालायच्या, बटण लावायचं. हात मोकळे राहिले तर तोंडातून उलटं उत्तर निघून जातं, असं ती म्हणायची. एक निवृत्त इंजिन ड्रायव्हर दर पराभवानंतर फोन करून सगळ्या संघाचा उद्धार करायचे. आई सोलत राहायची. वाटीभर दाणे झाले की त्यांचा आवाज खाली यायचा, आणि मग ते विचारायचे, "तुमचे वडील बरे आहेत ना?" असे कितीतरी लोक तिने क्लबला धरून ठेवले होते.

भिंगरीला आईच्या कामाचा कोण अभिमान! ती स्वतः शाळेच्या संघात खेळायची आणि क्लबचा कप्तान म्हणजे तिचा जीव की प्राण. आपली आई त्याच्याच क्लबात आहे, हे तिने वर्गात इतक्यांदा सांगितलं होतं की बाकावरची मुलं आधीच कान झाकून घ्यायची.

मग क्लब विकला गेला. दोन भावांनी तो घेतला. थोरले मालक कमी बोलत. धाकटे मालक मात्र बोलायला लागले की समोरच्याला वाटावं, हा आपल्याच घरातला. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सगळ्या नोकरवर्गाशी संगणकावर गप्पा मारल्या. आईच्या खांद्यामागून भिंगरी डोकावली, तर तिलाही त्यांनी नाव-गाव विचारलं. तिला राहवलं नाही. आईला आता शहरात जावं लागेल का, असं तिने सरळ विचारून टाकलं. आईने तिच्या पायाला चिमटा काढला, पण धाकटे मालक हसले.

"अजिबात नाही. तुझी आई घरूनच काम करणार. हा माझा शब्द."

वर त्यांनी तिच्यावर एक कामही सोपवलं. घरी बसून क्लबसाठी राबणारी माणसं लोकांना दिसायला हवीत, त्यांचे फोटो क्लबच्या मासिकात छापू. तर तुझ्या आईचा एक छानसा फोटो तूच काढून पाठव, असं ते म्हणाले.

दोन दिवस भिंगरी फोन घेऊन घरभर फिरत होती. आईने टेबल आवरलं, केस विंचरले, पाठ ताठ करून बसली आणि हा फोटो पाठव म्हणाली. भिंगरीने तो आणि आदल्या दिवशी आईच्या नकळत काढलेला, असे दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून पाहिले. आवरलेल्या टेबलामागची आई तिला शाळेच्या ओळखपत्रावरच्या फोटोसारखी वाटली. दुसऱ्या फोटोत मांडीवर ताट होतं, मान कलती होती, डोळे मिटलेले होते आणि आई त्या इंजिन ड्रायव्हरांचं ऐकत होती. अगदी मन लावून. आई खरं काम करते ती अशी, असं भिंगरीच्या मनाने घेतलं. तिने दुसरा फोटो पाठवला.

तुम्ही असता तर कोणता पाठवला असता? घाईने उत्तर देऊ नका.

त्यानंतर संघ आणखी हरला. एका सामन्यात तर पाच गोल खाल्ले. दुसऱ्या दिवशी मालकांनी सगळ्यांना पुन्हा संगणकावर बोलावलं. भिंगरी शाळेतून आलीच होती. आज फोटोंचा निकाल लागणार या आशेने ती पडद्यावर दिसणार नाही अशी, ओट्याला टेकून उभी राहिली. आईने हेडफोन काढून आवाज मोठा केला होता आणि पडद्यावर सगळ्यांची छोटी छोटी तोंडं होती. मग ती तोंडं बाजूला सरली आणि मध्ये मोठा होऊन आला तिनेच काढलेला फोटो.

भिंगरीच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. आता कौतुक होणार म्हणून तिने आतल्या खोलीकडे हात करून आजोबांना गप्प राहायला सांगितलं.

थोरले मालक म्हणाले, "संघ का हरतो, असं लोक मला विचारतात. हे बघा. मैदानावर आपली अब्रू जाते आहे आणि इथे मटार सोलले जाताहेत. डोळे मिटून."

मग आणखी फोटो आले. कोणाच्या मांडीवर मांजर होतं, कोणाच्या मागे झोपाळ्यात बाळ होतं. सगळे कौतुकाने मागवलेले, सगळे विश्वासाने पाठवलेले. पुढच्या महिन्यापासून प्रत्येकाने रोज मैदानावरच्या कचेरीत हजर राहायचं, ज्याला जमणार नाही त्याने दुसरी नोकरी शोधायची, असं थोरल्यांनी सांगितलं. धाकटे मालक शेजारीच बसले होते. ते चष्मा पुसत राहिले.

आई वाट पाहत होती. तिच्या विभागाच्या साहेबीण बाई पडद्यावर होत्या. त्यांच्या मुलीच्या आजारपणात महिनाभर आईनेच त्यांचं काम ओढलं होतं, आणि ही मटारांची युक्ती तर त्या स्वतःही वापरत. त्या एक वाक्य बोलल्या असत्या तरी पुरे होतं. त्यांनी मान खाली घातली. आईने पडदा बंद केला.

मला एक सांगा, शाळेचा संघ हरला तर आपण घंटा वाजवणाऱ्या काकांना रागावतो का? पण मोठ्या माणसांना कधीकधी खापर फोडायला एखादं डोकं लागतं, आणि जे डोकं खाली वाकून कामात असतं ते पटकन सापडतं.

भिंगरी जागची हलली नव्हती. फोटो मीच पाठवला, हे तिला ओरडून सांगायचं होतं. पण पडदा तर काळा झाला होता. आईने तिला जवळ ओढलं.

"तू खरा फोटो काढलास," आई म्हणाली. "त्याचं त्यांनी काय केलं, ते तुझ्या अंगावर घेऊ नकोस."

आजोबा आतून म्हणाले की गोड बोलून गळा कापणारे त्यांनी पुष्कळ पाहिले, पण लहान मुलीच्या हातात सुरी देऊन कापणारे पहिलेच. त्या रात्री ते जेवले नाहीत.

नोकरी सोडणं परवडणारं नव्हतं. आई उजाडायच्या आत बसला जाऊ लागली आणि अंधार पडल्यावर परत येऊ लागली. सकाळी शेजारच्या मावशी येऊन आजोबांना उठवून बसवत आणि दुपारी भिंगरी शाळेतून धावत घरी येई. तिचा सराव सुटला. मधल्या वेळात आजोबा रेडिओ मोठ्याने लावून ठेवत. घरात कोणीतरी बोलतंय असं वाटतं, एवढंच ते सांगत. एकदा ती आली तेव्हा ते पलंगाजवळ जमिनीवर बसलेले होते. खाली बसावंसं वाटलं म्हणून बसलो, असं त्यांनी हसून सांगितलं. पडलेला माणूस कसा बसतो ते भिंगरीला कळत होतं. आईला सांगू नकोस, असं त्यांनी तिच्याकडून कबूल करून घेतलं, आणि त्याच रात्री तिने ते आईला सांगितलं. आई बराच वेळ बसच्या वेळापत्रकाकडे बघत बसली.

संघ हरतच राहिला. आता नोकरमंडळी कुरकुर करू लागली, तेव्हा मालकांनी एक नवी टूम काढली. सामना सुरू होताना खेळाडू लहान मुलांचा हात धरून मैदानात येतात, हे तुम्ही पाहिलं असेल. पुढच्या सामन्याला ही मुलं क्लबच्या नोकरांची असतील, असं जाहीर झालं. कप्तानाच्या वाट्याला भिंगरी आली.

नाही म्हणावं असं तिला वाटलं. पण कप्तान! आईनेच तिला समजावलं की हा आनंद मालकांचा नाही, कप्तानाचा आहे, तर तो घे. त्या दिवशी मावशी दिवसभर आजोबांपाशी राहिल्या आणि भिंगरी आईबरोबर बसने शहरात गेली. सामन्याच्या दिवशी फोनला उसंत नसते, म्हणून आई तिला दारापाशी सोडून प्रेक्षकांच्या पायऱ्यांखालच्या बिनखिडकीच्या खोलीत कामाला निघून गेली.

भिंगरीला क्लबचा नवाकोरा सदरा मिळाला. तो तिने आपल्या स्वेटरवरच चढवला. मैदानाकडे जाणाऱ्या लांब बोळात खेळाडू रांगेने उभे होते. कप्तानाने तिचा हात धरला आणि तू कुठल्या जागी खेळतेस असं विचारलं. बचावात, असं तिने सांगितलं, तर तो म्हणाला की आम्हाला सध्या त्याचीच गरज आहे. भिंगरी हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

इतक्यात छायाचित्रकाराला घेऊन धाकटे मालक आले. रांगेतल्या मुलांचे गाल ओढत ते कप्तानापाशी पोहोचले आणि त्यांनी तिला ओळखलं.

"अरे, ही तर आपली मटारवाली! काय गं, उसळ कशी झाली होती?"

दोन-तीन खेळाडू हसले. भिंगरीने मान वर केली.

"तुम्ही फोटो मासिकात छापणार होता."

"छापला असता गं. पण संघ हरत होता ना, बाळ."

"गोल काय माझ्या आईने खाल्ले?"

हसणं थांबलं. कप्तान आपल्या बुटांकडे पाहू लागला. धाकट्या मालकांनी चष्मा काढला, पुन्हा घातला, आणि छायाचित्रकाराला म्हणाले, "चला, चला, हसरा फोटो घ्या एक. बघ इकडे, बाळ. शहाणी मुलगी ना तू?"

भिंगरीने कॅमेऱ्याकडे पाहिलं नाही. ती धाकट्या मालकांकडेच पाहत राहिली. त्यांना तिचं नाव आठवत नव्हतं. दिलेला शब्दही आठवत नव्हता. तो त्यांनी मोडला होता असंही नव्हे. तो त्यांच्या लेखी कधी दिलेलाच नव्हता. पुढे शिट्टी झाली. बोळाच्या तोंडाशी हिरवं मैदान झगमगत होतं, हजारो माणसं ओरडत होती, आणि रांग हलली.

भिंगरीने कप्तानाच्या हातातून आपला हात सोडवून घेतला.

"तुमच्यावर राग नाही," ती त्याला म्हणाली.

तिने क्लबचा सदरा डोक्यावरून काढला आणि धाकट्या मालकांच्या हातावर ठेवला. मग भिंतीला अंग घासत, पुढे निघालेल्या खेळाडूंच्या आणि मुलांच्या रांगेच्या उलट्या बाजूने ती चालत गेली, आणि दारावरच्या पहारेकऱ्याला तिने विचारलं, "काका, फोनवाल्यांची खोली कुठे आहे? मला माझ्या आईकडे जायचंय."