चित्र अडकते, थपडा मला

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे. जुना, पण बिघडलेला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या घरात ते बराच काळ कुणालाच पटत नव्हते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तेथून दुकानात गेलो आणि दुकानातून मला बाबांनी घरी आणले. बाबा बसचालक होते. कामावरून आले की गणवेश न बदलताच ते माझ्यासमोर बसत. "चित्र बघा, कसं आरशासारखं," असे ते पाहुण्यांना सांगत, तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढे.

पुढे केबल गेली. माझ्या पाठीमागे एक चपटी डबी आली आणि इंटरनेटवरून चित्रे येऊ लागली. कोणत्या कंपनीची सेवा घ्यायची, हे दादाने, म्हणजे बाबांच्या मुलाने ठरवले. जाहिरातीत 'जगातल्या सगळ्या वाहिन्या' असे लिहिले होते, तेवढे त्याला पुरे झाले.

वहिनी म्हणाल्या, "अहो, आधी त्यांच्या मदत क्रमांकावर फोन करून बघा. कुणी उचलतं का, ते तरी कळेल."

"एवढ्या वाहिन्या दुसरं कोण देतंय?" दादा म्हणाला आणि वर्षभराचे पैसे भरून मोकळा झाला.

तेव्हापासून माझे हाल सुरू झाले. दुपारी सगळे सुरळीत चाले. संध्याकाळी घरोघरी टीव्ही लागले की चित्र अडके आणि मधोमध एक गोल गरगर फिरत राही. अहो, तो गोल काही मी काढत नव्हतो. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? पण थपडा मला बसत. दुरुस्तीवाल्याला बोलावले, तर त्याने माझी पाठ न उघडताच सांगितले, "जुना झालाय, नवा घ्या." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही.

बाबांची धाकटी मुलगी वजन उचलण्याच्या स्पर्धांत उतरते. एवढे लोखंड उचलणाऱ्या मुलीला घरात सगळे चिऊ म्हणतात. तिची पहिली मोठी स्पर्धा दूरच्या शहरात होती. गुडघ्यांमुळे बाबांना प्रवास झेपणार नव्हता. त्यांनी खुर्ची अगदी माझ्याजवळ ओढली.

चिऊ आली. हातांना खडू चोळला, वाकली आणि वजन खांद्यांवर घेतले. आता ते डोक्यावर न्यायचे होते. बाबा खुर्चीतून अर्धवट उठले आणि चित्र अडकले.

चिऊचा चेहरा लालबुंद, मानेच्या शिरा ताणलेल्या, खांद्यांवर ते सगळे वजन, आणि वर फिरणारा गोल. दादाने मला डावीकडून थोपटले, मग उजवीकडून बडवले. मदत क्रमांकावर फोन लावला, तर 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असे म्हणून पलीकडून संगीत सुरू झाले. बाबा उभेच होते. वहिनींनी "बसा ना" म्हटले, तर म्हणाले, "तिच्या खांद्यावर वजन आहे अजून."

शेवटी चिऊचाच फोन आला. "बाबा, पाहिलंत?"

"खांद्यावर घेतलंस तिथवर पाहिलं गं. पुढचं तूच सांग."

"गेलं वर. तिसरी आले."

"छान," बाबा म्हणाले. माझ्याकडे न बघता ते आतल्या खोलीत गेले. पुढे कुणीतरी त्या स्पर्धेची चित्रफीत पाठवली, पण निकाल ठाऊक झाल्यावर बघण्यात ती धडधड कुठली?

त्यानंतर निवड वहिनींनी हाती घेतली. वरच्या मजल्यावरच्यांना त्यांचा अनुभव विचारला. वर्षाऐवजी महिन्याचीच सेवा घेतली, चिऊच्या स्पर्धा तीत दिसतात ना याची खात्री केली आणि मला मुद्दाम ऐन गर्दीच्या वेळी लावून ठेवले. दोन कंपन्या नापास झाल्या. तिसरीचे चित्र थांबले नाही आणि फोनवर माणूस बोलला.

"हिच्यात वाहिन्या निम्म्याच आहेत," दादा कुरकुरला.

"आपल्याला डोळे तरी किती आहेत?" वहिनी म्हणाल्या.

पुढच्या स्पर्धेत मी सगळे दाखवले. चिऊने वजन वर नेले, तिचा डावा पाय अडखळला आणि दांडा धाडकन मागे पडला. बाबांनी स्वतःच फोन लावला.

"पडलं, बाबा," ती रडत म्हणाली.

"पाहिलं मी. डावा पाय मागे न्यायला उशीर झाला."

ती रडायची थांबली. मग म्हणाली, "प्रशिक्षकही तेच म्हणाले." आणि बापलेक कितीतरी वेळ त्या एका पायाबद्दलच बोलत बसले.

मित्रांनो, थपडांनी माझी एक कड कायमची सैल झाली आहे, आणि त्याचा राग मला अजून येतो. माझ्यावर हात उगारण्याआधी चित्र पाठवणाऱ्याला जाब विचारा. तुमच्या घरातही कुणीतरी आपल्या माणसाला बघायला खुर्ची पुढे ओढून बसत असेल. त्यांच्यासाठी सेवा निवडाल, तेव्हा ती किती दाखवते हे नंतर बघा. ऐन वेळी दाखवते का, हे आधी बघा.