सहमूळ सुट्टी

माझा धाकटा भाऊ आणि भावजय यांची सुट्टी एका दिवशी कधी आलीच नाही. तो काचेच्या कारखान्यात पॅकिंगला, त्याला दर चौथ्या दिवशी सुट्टी. ती इस्पितळात नर्स, तिला दर सहाव्या दिवशी. त्यातून एकाची दिवसपाळी तर दुसऱ्याची रात्रपाळी. लग्नाला वर्ष होत आलं तरी दोघं भेटायची ती दारात, एकाच्या पायात चपला आणि दुसऱ्याच्या डोळ्यांवर झोप.

भावजय परवा माझ्याकडे आली ती रडतच. "ताई, मी दुसऱ्या गावच्या इस्पितळात बदली मागतेय. उद्या अर्ज देणार. त्याच्या मनात असतं तर वर्षभरात एक दिवस नसता काढला?"

ती गेल्यावर मी भावाला फोन करून चांगलं फैलावर घेतलं. बिचारा कळवळला. "अगं ताई, किती वेळा अदलाबदल केली! आमच्याकडे पाळी दोन-दोन दिवसांची असते, म्हणून सुट्टीही दोन-दोन दिवसच पुढे ढकलता आली. तरी चुकामूक ती चुकामूकच. माझं नशीबच फुटकं."

मी गणिताची शिक्षिका. कुणी नशिबाला बोल लावला की माझं डोकं फिरतं. कॅलेंडर ओढलं आणि उद्यापासूनच्या दिवसांना सलग आकडे घातले. त्याच्या सुट्ट्या चार, आठ, बारा. तिच्या तीन, नऊ, पंधरा. मी कपाळावर हात मारून घेतला. याच आठवड्यात वर्गात सामाईक विभाजक शिकवत होते, आणि घरातलं गणित मला दिसलं नव्हतं! चारला दोननं भाग जातो, सहालाही जातो. म्हणून त्याचे सगळे दिवस सम, तिचे सगळे विषम. दोन दिवस ढकलून समाचा विषम थोडाच होतो? ही दोघं जन्मभर थांबली असती तरी भेट नव्हती.

"चारच्या जागी पाच हवेत," मी त्याला म्हटलं. "पाच आणि सहा सहमूळ. एक सोडला तर दोघांना भागणारं काहीच नाही. मग सुरुवात कुठूनही कर, गाठ पडतेच."

"पाचव्या दिवशी सुट्टी फक्त भट्टीवाल्यांना असते," तो म्हणाला. भट्टीवर आपणहून कोणी जात नाही. त्या धगीत जा, असं मी तरी कसं सांगणार? फोन ठेवला.

सकाळी भावाचा फोन येताच मी इस्पितळ गाठलं. अर्ज तिच्या हातातच होता. तिला बाकावर बसवून सगळं कागदावर मांडून समजावलं, सम, विषम, विभाजक, भट्टीवरची पाचव्या दिवसाची सुट्टी. त्याचे आता पाच, दहा, पंधरा. तुझे तीन, नऊ, पंधरा. तिचं लक्षच नव्हतं.

"ताई, हे मला काही कळत नाहीये. तो भट्टीवर गेला?"

"आज पहाटेच नाव देऊन आला."

"अहो, त्याला साधं ऊन सोसत नाही!"

तिनं अर्ज चुरगाळला, डोळे पुसले आणि पंधराच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"हा कोणता वार येतो?"