विहिरीत म्हैस, फोनवर ट्राय

उकंडरावाची गाभण म्हैस सकाळी दहाला विहिरीत पडली अन् बारा वाजले तरी पोहूनच राहिली होती. साखरा गावची ती विहीर अशी खोल, की आत हाक मारली तर जेवून येईस्तोवर उत्तर मिळत न्हाई. वरून नुसतं तिचं नाक दिसत होतं.

वाचवायची रीत एकच. शेजारच्या बोअरचे पाइप विहिरीत सोडायचे, पाणी चढवायचं, म्हैस तरंगत काठाला आणायची. पण उकंडरावाची मोटर जळालेली, अन् लाईट चारला जाणार. तो काठावर बसून शेजारच्या बोअरवाल्यांना फोन लावत होता.

"हरीश, बाबा, पाइप घेऊन ये!"

"ट्राय करतो, काका."

हरिचंद म्हणाला, "बाहेर हाय दादा, ट्राय करतो." खेमा म्हणाला, "फुल्ल ट्राय करतो!"

इंग्रजीत म्हणे या शब्दाचा अर्थ झटणं. साखऱ्यात अर्थ एवढाच, की मी येत न्हाई, पण तू वाईट वाटून घेऊ नको. मागच्या महिन्यात हरीशच्या हळद काढणीला उकंडरावानंही तीनदा ट्राय केला होता, खाटेवर पडल्या पडल्या. ते आठवलं तरी त्यानं पुन्हा हरीशलाच फोन लावला.

म्हैस बुडाली. वर आली ती नुसती फुरफुरत.

"फेका तो फोन!" त्याची बायको चतुराबाई ओरडली. "त्यांच्या बांधावर जाऊन उभे राहा. तोंडावर न्हाई म्हणायला अजून कोणी शिकलं न्हाई."

उकंडराव अनवाणी पळाला. हरीश आंब्याखाली जेवत होता. उकंडरावाला धाप लागलेली. तो नुसता हात जोडून उभा राहिला.

हरीशनं भाकर खाली ठेवली. "हळदीच्या वेळी तुमी..."

"पाया पडतो रे तुझ्या!"

"पाया मग पडा. अगोदर पाइप धरा."

हरीशला जाताना पाहून हरिचंद आला, खेमाही आला, मग अख्खं शिवार गोळा झालं. पाणी चढत गेलं. काठ तीन हात राहिला अन् लाईट गेली. दोर बांधायला उकंडरावानं उडी टाकली. पोहता येत न्हाई, हे त्याला पाण्यात आठवलं. शिंगाला लटकून त्यानं दोर कसाबसा म्हशीच्या पोटाखालून घेतला.

पंधरा जणांनी ओढलं. आधी म्हैस निघाली, मागून शेपटीला धरून उकंडराव.

"काका, सोडा आता शेपूट," हरीश म्हणाला.

"हात उघडत न्हाईत रे," उकंडराव रडत म्हणाला.