दोन मिलिमीटर

प्रयोगशाळेच्या मदतनीस बाईंनी काचपट्टीवरून बोट फिरवलं आणि ते सरांसमोर धरलं. बोटाला पिठासारखी पांढरी भुकटी लागली होती. काचेवर डोळ्यांना दिसू नये इतका पातळ, घट्ट, पाणी झटकणारा थर बसायला हवा होता. तोच पाहायला एका कंपनीचे वयस्कर इंजिनिअर आले होते.

"गॅसची तोटी नीट उघडली नसेल," सर म्हणाले. "बाई, निदान पाहुण्यांसमोर तरी घोळ घालू नका."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाहुण्यांसाठी कालच ज्योतीची नळी धरणारा नवा, चकचकीत स्टँड आणला होता आणि सकाळी याच सरांनी बजावलं होतं, "आज स्टँडला हात लावायचा नाही. पेपरात आहे तसं मीच लावलंय. काचेपासून नळी आठ मिलिमीटर."

सरांच्या छापून आलेल्या त्या संशोधनाच्या पेपरावर पाच नावं होती. थर बसवायची रीत नवी होती: निर्वात पेटी नाही, पंप नाही. उघड्या हवेत, नळीच्या टोकाशी जांभळट ज्योत, हाताला जेमतेम कोमट. ती नळी काच तापवून बाईंनी ओढली होती, तारेचे वेढे त्यांनी घातले होते, शेकडो काचपट्ट्या त्यांनीच वाया घालवल्या होत्या. सहावं नाव कुठे, असं त्यांनी एकदाच विचारलं होतं. सर हसले होते.

"आचाऱ्याचं नाव कुणी लग्नपत्रिकेत छापतं का, बाई?"

आणि जुना स्टँड कुणी पाडला होता? याच सरांनी, नोकरीच्या पहिल्या महिन्यात. त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. बाईंनीच तो ठोकून सरळ केला, वर कुणाला कळू दिलं नाही. त्याची मोजपट्टी मात्र सरकली ती सरकलीच. "आठ दिसलं की सहा समजा, सर," असं त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. गरज सरो, वैद्य मरो. सर विसरले. पेपर लिहितानाही त्यांनी विचारलं नाही, जुन्या पट्टीवरचं आठच छापलं.

आता गप्प बसणं सोपं होतं. पण ती भुकटी आपल्या नावावर? छे! बाईंनी स्क्रू सैल केला.

"अहो, हात लावू नका म्हटलं ना!"

बाईंनी ऐकलं नाही. मोजपट्टीकडे न बघता, नुसत्या नजरेने नळी खाली आणली. नवी काच ठेवली, ज्योत पेटवली. पाच मिनिटांनी त्या काचेवर पाण्याचा थेंब सोडला. तो पसरला नाही. अळवाच्या पानावर बसावा तसा टुमटुमीत बसला.

"वा!" इंजिनिअर पुढे झाले. वाकून त्यांनी मोजपट्टी वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली. "सहा? पेपरात तर आठ आहे. आमची माणसं वर्षभर आठवर ठेवून नुसती भुकटी गोळा करताहेत!"

"छपाईची चूक असणार," सर घाईने म्हणाले. "हो ना, बाई?"

त्यांनी बाईंकडे पाहिलं. स्टँड पडला त्या दिवशी पाहिलं होतं, अगदी तसंच.

बाईंनी बोटावरची भुकटी एप्रनला पुसली.

"मला कसं ठाऊक असणार, सर? पेपरात माझं नाव नाही."

आणि त्यांनी पुढची काचपट्टी चिमट्यात उचलली.