थर्मासमधला बर्फ

सकाळी सहा वाजता सूयुनने माझे बूच काढले आणि मला कपावर कलते केले. रोज आधी वाफ येते. आज आली नाही. पाण्याबरोबर बर्फाचा खडा कपात पडला आणि टणकन वाजला.

सूयुनने कपात पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. पलीकडच्या खोलीत तिची लेक, वेनजिंग, तान्ह्या मुलीला घेऊन झोपली होती. ते पाणी तिच्यासाठी होते. आमच्या चीनमधल्या यांगचौमध्ये बाळंतीण महिनाभर घराबाहेर पडत नाही, केस धूत नाही आणि गार पाण्याला शिवत नाही. त्या महिन्यात शिरलेली थंडी म्हातारपणी सांध्यांतून बाहेर येते, असे सूयुन मानते.

मित्रांनो, मी एक जुना थर्मास आहे. बाहेरून लाल पत्रा, त्यावर गुलाबी फुलांचे झुपके, आत दुहेरी काच. दोन काचांच्या मधली हवा काढून घेतलेली असते. माझी सगळी विद्या त्या पोकळीत आहे. माझी काच फुंकणारा कारखाना केव्हाच पाडला, तिथे आता मोटारी विकतात.

आमच्याकडे नवरीला थर्मास देतात तो जोडीने. सूयुनच्या लग्नात तिच्या मावशीने आम्हां दोघांना लाल फीत बांधून आणले. माझा जोडीदार पहिल्याच हिवाळ्यात गेला. सूयुनच्या नवऱ्याने त्याच्या गार पोटात उकळते पाणी ओतले आणि काच फुटली. तेव्हापासून घरात नियम झाला. आधी कोमट पाणी फिरवायचे, ते ओतून द्यायचे, मग उकळते भरायचे. वेनजिंग हे अक्षरे गिरवण्याच्या आधी शिकली.

माझी कामाची वर्षे चांगली गेली. गल्लीच्या तोंडाशी पाणी उकळून देणारी भट्टी होती. सकाळी तिथे आमची रांग लागायची आणि आमच्या धन्यांच्या गप्पा रंगायच्या. घरी परतलो की चहा, बाळाचे दूध, पाय शेकणे, सगळे माझ्यावर. दुखण्यावर सूयुनकडे एकच औषध होते. पोट दुखतंय? गरम पाणी पी. सर्दी? गरम पाणी पी. एकदा वेनजिंग गणितात नापास होऊन आली, तर म्हणाली, "गरम पाणी पी आधी, मग बघते तुझ्याकडे."

पुढे विजेची किटली आली आणि मी मोरीच्या ओट्याखाली, कांद्यांच्या टोपलीमागे गेलो. वेनजिंग शिकायला कॅनडात विनिपेगला गेली, तिथेच नोकरीला लागली, तिथल्याच कॉलिनशी लग्न केले. बाळंतपणाला मात्र ती कॉलिनला घेऊन आईकडे आली. किटली पाणी तापवते, पण उशाशी बसून ते ऊन राखत नाही. म्हणून सूयुनने मला बाहेर काढले, तांदूळ आणि व्हिनेगर घालून खळखळून धुतले आणि लेकीच्या उशाशी ठेवले. त्या दिवशी मला पुन्हा नवरीच्या घरी आल्यासारखे वाटले.

उशाशी बसून मी दोन देशांच्या गोष्टी ऐकल्या. विनिपेगमध्ये नाक गोठवणारी थंडी असते, आणि तरीही खानावळीत बसल्या बसल्या बर्फ घातलेले पाणी समोर येते. तिथे बाळंतिणीला दवाखान्यात गार रस देतात, ती दुसऱ्या दिवशी अंघोळ करते आणि आठवड्यात बाळाला घेऊन बाजारात जाते. बाळाला वेगळी खोली असते.

"एवढ्याशा जिवाला वेगळी खोली?" सूयुन म्हणाली. "भाडं कोण भरणार, ती?"

कॉलिनलाही आमच्याकडे धक्के बसत होते. शेजारच्या ताओकाकू दार न वाजवता आत आल्या, बाळावर वाकल्या आणि म्हणाल्या, "बाई बाई, काय कुरूप पोरगी!" कॉलिन कानापर्यंत लाल झाला. कौतुक केले तर दृष्ट लागते, हे वेनजिंगने त्याला समजावले. तो बिचारा आल्या दिवसापासून सगळ्यांना सांगत होता की मुलगी फार सुंदर आहे.

उन्हाळा ऐन भरात होता. खिडक्या बंद, पंखा बंद. वेनजिंग घामाने चिंब व्हायची. "आई, एक घोट गार पाणी दे. एकच." सूयुन द्यायची नाही. फ्रिजच्या दारापाशीही जाऊ द्यायची नाही. आदल्या संध्याकाळी वेनजिंग रडत म्हणाली, "उद्या मी बाळाला घेऊन हॉटेलात जाते." सूयुनने सूपाचे भांडे घासून झाल्यावर पुन्हा घासले. लेक तिच्या हातून महिना पुरा करून घेते की नाही, एवढाच प्रश्न त्या घरात उरला होता.

आणि सकाळी सूयुनने मला उशाकडून स्वयंपाकघरात आणले, तर माझ्यातून बर्फ निघाला.

"हे कोणी केलं?" सूयुन ओरडली.

कॉलिन चड्डी-बनियनवर बाहेर आला. आमची भाषा तो मोडकीच बोलतो, पण प्रामाणिकपणे. "मी केलं, आई. तिनं फ्रिजपाशी जायचं नाही, तुम्ही म्हणालात. म्हणून मी फ्रिज तिच्यापाशी आणला. आमच्याकडे थर्मासमध्ये गार पण ठेवतात."

मित्रांनो, खरे सांगतो, इतकी वर्षे जगून मला हे ठाऊक नव्हते. रात्रभर बर्फ माझ्या पोटात जसाच्या तसा राहिला होता. जी पोकळी ऊब बाहेर जाऊ देत नाही, तीच बाहेरची उष्णताही आत येऊ देत नाही. मला थोडा अभिमानही वाटत होता, पण तो दाखवण्याची ती वेळ नव्हती.

"वा जावईबापू! बाळंतिणीला बर्फ पाजा, आणि उद्या तिला गोठलेल्या नदीवर घसरायला न्या!" असे म्हणत सूयुनने बर्फ मोरीत ओतला, किटली उचलली आणि उकळते पाणी माझ्या तोंडाशी आणले.

"आई, आधी कोमट!"

वेनजिंग दारात उभी होती. केस विस्कटलेले, पाय उघडे, थेट गार फरशीवर. सूयुनचा हात थांबला. किटलीच्या तोटीतून दोन थेंब माझ्या पत्र्यावर पडले, आत काही गेले नाही.

मग सूयुन म्हणाली, "मोजे घाल आधी. फरशी गार आहे."

"घालते. तू आधी कोमट फिरव."

सूयुनने नळाचे पाणी घेतले, त्यात थोडे ऊन मिसळले आणि माझ्यात फिरवले. ते ओतले, किंचित जास्त ऊन घेतले, पुन्हा फिरवले. हे करताना तिचे ओठ हळूहळू सैल झाले. "विसरली नाहीस," ती लेकीकडे न बघता म्हणाली.

"कशी विसरेन? विनिपेगला पण असंच करते. कॉलिन हसतो."

"आता नाही हसणार," कॉलिन म्हणाला.

मित्रांनो, आमची काच कडक दिसते, पण नाजूक असते. आम्हाला ऊन चालते आणि गारही चालते. मध्ये जरासे कोमट मात्र फिरवत जा. घाईत कोणी ते विसरले, तर ओरडून आठवण करा.

त्या दुपारी सूयुनने पातेलेभर आल्याचे पाणी उकळले आणि लेकीचे केस स्वतः धुतले. आल्याच्या पाण्याने चालते, असे ती म्हणाली. ताओकाकूंनी विचारले, "असं कधीपासून चालतं गं?" सूयुनने त्यांना बाळंतिणीसाठी केलेले तांबड्या साखरेच्या पाकातले अंडे देऊन गप्प केले. कॉलिनने केस वाळवले. खिडकी बोटभर उघडली. बर्फ काही मिळाला नाही, पण उकळून निववलेले पाणी मिळाले. हॉटेलाचे नाव पुन्हा निघाले नाही.

महिना पुरा झाला. बाळ महिन्याचे झाले की वाटतात ती लाल रंगवलेली अंडी गल्लीभर वाटून झाली. परवा कॉलिन म्हणाला, "आई, या हिवाळ्यात तुम्ही आमच्याकडे या. विनिपेगला बाळाला सांभाळायला कोणी नाही." सूयुन येते म्हणाली नाही, येत नाही असेही म्हणाली नाही.

काल तिने मला कोरडे पुसले, आपल्या लोकरी जाकिटात गुंडाळले आणि बॅगेत ठेवून पाहिले. बॅग बंद होईना. तिने मला बाहेर काढून टेबलावर ठेवले. बॅग अजून उघडीच आहे.